ठवणीच्या मांडीवरचे दोन भाऊ

मी एक जुनी ठवणी आहे, मित्रांनो. ठवणी म्हणजे ग्रंथ ठेवून वाचायची लाकडी घडी. उघडली की माझ्या दोन फळ्या फुलीसारख्या उभ्या राहतात आणि वरच्या खोबणीत ग्रंथ ऐसपैस बसतो. मिटली की मी नुसती एक जाड फळी दिसते. पाट समजून माझ्यावर बसायला निघालेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना मी केव्हाच माफ केले आहे, कारण माझा स्वभावच मुळी मोठ्या मनाचा आहे.

एका सुताराने मला शिसवाच्या एकाच फळीतून घडवले. फळी दोन्ही टोकांकडून जाडीत चिरत आणायची आणि मधे थोडी जागा तशीच राखायची. त्या मधल्या जागेत पटाशीने एकमेकांत अडकलेली बोटे कोरायची. खिळा नाही, बिजागरी नाही, सरससुद्धा नाही. हात जरा घाईत असला की फळी वाया जाते. माझ्या आधीच्या दोघी अशाच चुलीत गेल्या होत्या, हे मी सुताराच्याच तोंडून ऐकले. त्यामुळे मी जन्मल्यापासूनच स्वतःला नशीबवान समजते.

मला एका शिंप्याने घरी नेले. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. दुकानात दोन शिलाई मशीन, कापायचे लांब टेबल आणि भिंतीला लावलेले कापडाचे तागे. आठवड्यातून एकदा संध्याकाळी बाबा मशीन लवकर थांबवायचे, चिंध्या झाडून जमीन मोकळी करायचे आणि माझ्या मांडीवर ग्रंथ ठेवून वाचायचे. शेजारीपाजारी येऊन बसत. वाचन सुरू होताना ग्रंथाचा सगळा भार माझ्या उजव्या बाजूला असतो आणि पाने उलटतात तसा तो हळूहळू डावीकडे सरकतो. गोष्ट कुठवर आली हे मला ऐकावे लागत नाही, अंगालाच कळते.

बाबांना दोन मुलगे. थोरले अण्णा आणि धाकटे नाना. दोघेही शिंपीच झाले. अण्णांचा आवाज खणखणीत, दोन मशीन चालू असतानाही रस्त्यापलीकडे पोचणारा. नाना मृदू बोलायचे आणि बोलण्याआधी एकदा खाकरायचे. बाबा गेल्यावर एका आठवड्यात अण्णा वाचायचे, एका आठवड्यात नाना. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग दोघांचे फाटले. नानांना नव्या धाटणीचे कपडे शिवायचे होते आणि अण्णांना बाबांच्या पद्धतीबाहेर एक टाका चालत नव्हता. रोज खटके उडायचे. एका सकाळी अण्णांनी दुकानाला नवे कुलूप लावले आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. नाना मागच्या दाराने आत आले, त्यांनी बाबांची मोठी कात्री उचलली आणि निघून गेले. थोड्याच दिवसांत त्यांनी समोर दुकान थाटले. समोर म्हणजे अगदी समोर, मधे एक अरुंद रस्ता, इकडच्या मशीनचा आवाज तिकडे ऐकू जाईल एवढाच.

तेव्हापासून भावाभावांत शब्द नाही. दोन्ही दुकानांची काज-बटणे मात्र आईच करायची. सकाळी अण्णांचे सदरे, दुपारी नानांचे. सुयांची डबी पदराखाली धरून ती रस्ता ओलांडायची आणि पुन्हा यायची. गुडघे दुखायचे, पण ती कुणाचाही हात धरायची नाही. एकदा ती अण्णांच्या बायकोला म्हणाली, "सूनबाई, या दोघांच्या सदऱ्यांची दोन्ही टोकं मी बटणानं जोडते. या दोघांना काज कुठं पाडू, तेच कळत नाही." तिला एकच हवे होते. दोन्ही मुले एकदा एका खोलीत बसलेली तिला पाहायची होती.

आता ग्रंथाबद्दल सांगते. ग्रंथाच्या साधारण मध्यावर दोन भावांची गोष्ट येते. वडिलांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेला अग्नी असतो. वडील गेल्यावर थोरला भाऊ दार आतून लावून घेतो. बाहेर थंडीत कुडकुडणारा धाकटा मागच्या भिंतीवरून उतरतो, एक निखारा उचलतो आणि नदीपलीकडे निघून जातो. थोरला संतापतो, सैन्य जमवतो, नदीवर पूल बांधतो. पण पूल इतका अरुंद होतो की सैन्य त्यावर मावत नाही. थोरल्याला एकट्यालाच पलीकडे जावे लागते. गोष्ट तिथेच संपते.

अण्णांना ही गोष्ट फार आवडायची. ग्रंथाचा क्रम बाजूला ठेवून ते वरचेवर तीच काढायचे. दार लावून घेतल्याची ओळ गाडी सुटत असल्यासारखी भर्रकन म्हणायचे. निखारा चोरल्याची ओळ आली की सावकाश, चवीने. आणि धाकट्याच्या तोंडचे शब्द वाचण्याआधी ते हुबेहूब नानांसारखे खाकरायचे. लोक हसायचे. खिडकी उघडी असायची आणि समोरच्या दुकानातले मशीन तेवढ्यापुरते थांबायचे.

"बघा," अण्णा मग म्हणायचे, "ग्रंथात सगळं आधीच लिहून ठेवलंय. चोर तो चोरच."

अशा प्रकारे ते दर आठवड्याला माझ्यासमोर बसून भावाच्या नावाने खडे फोडत होते. आई कोपऱ्यात काज करत बसलेली असायची. तिची सुई कापडात अर्ध्यावर थांबलेली मला दिसायची. मला राग यायचा, पण ठवणीला बोलता येत नाही आणि मोडून पडायचा माझा स्वभाव नाही.

एके दिवशी अण्णांचा आवाज बसला. मशीनच्या खडखडाटावर वर्षानुवर्षे ओरडून घशात गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितले की काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचेही नाही. अण्णा मापे घ्यायला खुणा करू लागले आणि बाकी बोलणे काळ्या अस्तराच्या तुकड्यावर शिंप्याच्या चपट्या खडूने लिहू लागले. वाचनाच्या दिवशी त्यांनी लिहिले, 'वाचन बंद.' आईने तो तुकडा वाचला, झटकून खडू पुसला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"बंद का? मला वाचता येतं," ती म्हणाली.

तिने नेमकी तीच गोष्ट काढली. आधी सरळ वाचली, एकाही शब्दाला घाई न करता. दार लावून घेतल्याची ओळ इतकी ठळक मी कधी ऐकली नव्हती. मग ती म्हणाली, "आता हीच पुन्हा वाचायची. पण जो कोणी येईल, त्याच्याआधी 'माझ्यातला' म्हणायचं. माझ्यातला थोरला. माझ्यातला धाकटा. गोष्ट बाहेर कुठं घडली ते राहू दे. आपल्या आत कशी घडते, ते बघू."

शेजारच्या मास्तरीणबाईंनी नाक मुरडले. "ग्रंथात असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलंय तेच वाचतेय, बाई. फक्त ते कुणाबद्दल आहे हे शोधतेय."

आणि ती वाचू लागली. "माझ्यातल्या थोरलीनं दार लावून घेतलं." ती थांबली. "हे खरंय. सूनबाई या घरात आली तेव्हा स्वयंपाकघराचं दार मी असंच लावून घेतलं होतं. दोन वर्षं तिला डब्यांना हात लावू दिला नाही." सूनबाई खाली मान घालून बसली होती, ती हळूच हसली आणि तिने डोळे पुसले.

त्या दिवसापासून रीत पडली. एकदा सरळ, एकदा 'माझ्यातला' लावून, आणि पाळीपाळीने. सगळ्यांना ते जमले असे समजू नका. मास्तरीणबाई शहाणी माणसे तेवढी स्वतःत शोधायच्या. 'माझ्यातला न्यायी राजा', 'माझ्यातला ज्ञानी साधू' असे त्या ठसक्यात म्हणायच्या आणि कपटी प्रधान आला की ग्रंथ पुढच्याकडे सरकवायच्या. कोपऱ्यावरचे चष्मेवाले याच्या अगदी उलट. त्यांना स्वतःत राक्षसच राक्षस सापडायचे, तेही इतक्या उत्साहाने की शेवटी आई म्हणाली, "अहो, एखादा देव पण ठेवा आत. जागा अडली असेल तर राक्षसांना जरा सरकायला सांगा." सगळे खळखळून हसले. चष्मेवाल्यांना मात्र ते लागले आणि पुढच्या वेळी त्यांनी फार बरे वाचले.

अण्णा मूग गिळून बसले होते, कारण दुसरा इलाजच नव्हता. एकदा मात्र त्यांना राहवले नाही. त्यांनी अस्तरावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'पण चोरी त्याने केली!' आणि तो तुकडा आईपुढे धरला.

आईने काज अर्धवट ठेवले. "अण्णा, गिऱ्हाईक आलं की तू त्याचं माप कुणाच्या अंगावर घेतोस?"

अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. गिऱ्हाइकाच्या, आणखी कुणाच्या, असा हात त्यांनी केला.

"मग इतकी वर्षं तू हा सदरा नानालाच घालून बघतोयस. तो बसतो की नाही, ते नाना बघेल. ग्रंथ तुझ्यासमोर उघडलाय, तर एकदा तू घालून बघ. कुठं काचतो ते कळेल."

अण्णांनी खडू उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अण्णा पुन्हा माझ्यासमोर बसले. आवाज आता जाडाभरडा आणि खालच्या पट्टीतला झाला होता. त्यांनी गोष्ट सरळ वाचली. मग दुसऱ्यांदा सुरुवात केली. "माझ्यातल्या थोरल्यानं..." इथे ते अडले. त्यांचा अंगठा पानाच्या कडेवर दाबला गेला आणि त्याचा भार माझ्या सांध्यापर्यंत आला. "माझ्यातल्या थोरल्यानं दार लावून घेतलं," ते म्हणाले. "कुलूप मी लावलं. बाबांच्या दुकानाला. तो पोटापाण्याची एक कात्री घेऊन गेला आणि मी त्याला चोर म्हणालो." आईने हातातले काज बाजूला ठेवून त्यांच्याकडे पाहिले. मला वाटले, झाले, माझे काम फत्ते झाले.

इथेच मी चुकले आणि माझ्याबरोबर सगळेच चुकले. अण्णा बदलले यात शंका नाही. नक्कल बंद झाली, चोर हा शब्द गेला. पण त्याबरोबर त्यांचे नाव झाले. लांबच्या गल्ल्यांतून लोक त्यांचे वाचन ऐकायला येऊ लागले. मला तेल लावून चकचकीत केले गेले, माझ्याखाली मखमलीचा तुकडा आला. नदी म्हणजे मनातला दुरावा, सैन्य म्हणजे राग, पूल म्हणजे नम्रता, असे अण्णा सुरेख उलगडून सांगायचे. लोक माना डोलवायचे आणि अण्णांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचे. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढले होते, खोटे कशाला बोलू. आणि रस्ता होता तिथेच होता. आई सुयांची डबी घेऊन तो एकटीच ओलांडत होती.

एका संध्याकाळी वाचन संपून लोक गेल्यावर आई म्हणाली, "अण्णा, समोर कधी जाणार?"

"आई, मी त्याला केव्हाच आतून जवळ केलंय. मनात काही उरलेलं नाही. गोष्ट आतली असते, हे तूच शिकवलंस ना?"

"हो, मीच."

"पूल मनात बांधायचा असतो."

"बांधलास?"

"बांधला."

"मग त्यावरून चालत जा. बांधून झाल्यावर माणसं पुलावरून जातात, अण्णा. त्यावर उभं राहून पुलाची माहिती सांगत बसत नाहीत."

अण्णा चिडले. सैन्य म्हणजे राग हे ते विसरले आणि ते सैन्य तोंडातून बाहेर पडले. इतकी माणसे ऐकायला येतात ती काय उगीच, आपण कुलूप लावल्याचे सगळ्यांसमोर कबूल केले ते कमी आहे का, आता काय पाय धरायचे, असे बरेच बोलले. आई ऐकून घेत होती. त्यांचे संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "कबूल केलंस ते आमच्यासमोर. ज्याच्या तोंडावर दार लावलंस, त्याच्या कानावर काय गेलंय? खिडकीतून त्याला आजवर तुझं खाकरणंच ऐकू आलंय."

मग तिने ग्रंथ कापडात बांधला, मला मिटले आणि स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवर, ताग्यांच्या मागे सरकवून दिले. "तू जाऊन येईपर्यंत हा उघडायचा नाही," ती म्हणाली. "उघडलास तर मी ऐकायला बसणार नाही."

मित्रांनो, दुर्लक्ष म्हणजे काय ते मी त्या फळीवर शिकले. धाग्यांची टोके, कापडाची भुकटी आणि झुरळे. तेल सुकून गेले. ऐकायला येणारी माणसे दारातून परत गेली, मग यायचीच थांबली. खाली अण्णा आधी घुश्शात, मग गप्प, मग बेचैन होते. आईचे रस्ता ओलांडणे चालूच होते, फक्त मधे कुठेतरी थांबून ती दम घ्यायची आणि अण्णा खिडकीतून ते पाहायचे. ते जाणार, याबद्दल मला कधी शंका वाटली नाही. ज्याने एकदा तो सदरा स्वतःच्या अंगाला लावून पाहिला, त्याला तो काचल्याशिवाय राहत नाही.

एका दुपारी त्यांचे हात ताग्यांच्या मागे चाचपडले. त्यांनी मला खाली काढले, बाहीने पुसले, एका काखेत मला आणि दुसऱ्या काखेत ग्रंथ धरला आणि ते रस्त्यावर उतरले. आई तेव्हा पलीकडेच होती, नानांच्या दुकानात काज करत बसलेली.

नाना टेबलाशी कापड कापत होते. भावाला दारात पाहून त्यांची कात्री थांबली. ते खाकरले आणि म्हणाले, "काय, आज नक्कल समोरासमोर करायला आलास?"

अण्णांचा चेहरा पडला. घरून येताना त्यांनी काही जुळवले असेल तर ते सगळे विसरले. "कुलूप मी लावलं होतं," ते म्हणाले. "बाबांची कात्री तुझीही होती. मी तुला चारचौघांत चोर म्हणत राहिलो आणि तुझ्या खाकरण्यावर लोकांना हसवलं. ते वाईट होतं."

"तुला आता हलकं व्हायचंय, म्हणून आलास का?"

"तेही आहे," अण्णा म्हणाले. "पण तेवढंच असतं तर घरी बसूनही भागत होतं. बरेच दिवस भागवलंसुद्धा."

नाना हसले नाहीत. "तुझ्या आत काय काय झालं ते लोक मला येऊन सांगायचे. फार छान बोलतो म्हणे. मी इथं बसून विचार करायचो, हा आतल्या नानाशी एवढं गोड वागतो, मग बाहेरच्यानं काय घोडं मारलंय?"

अण्णा दारातच उभे राहिले, दोन्ही काखांत ओझे घेऊन, आणि आत या असे कुणी म्हणेपर्यंत आत आले नाहीत. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. भर लोकांत वाचताना वाटला होता, त्यापेक्षा कितीतरी जास्त.

आईने सुई कापडात टोचून ठेवली होती. हे काज तिला पाडायचे नव्हते.

शेवटी नानांनी कापलेले कापड गोळा करून बाजूला केले आणि टेबलावर हात फिरवून जागा मोकळी केली. "ठेव," ते म्हणाले. "हात भरून आले असतील."

अण्णांनी मला टेबलावर उघडले आणि ग्रंथ ठेवला. दोघे शेजारी शेजारी उभे राहिले, कारण दुकानात स्टूल एकच होते आणि त्यावर आई होती. नानांनी स्वतःच पाने उलटली. कोणती गोष्ट काढायची ते त्यांना सांगावे लागले नाही. ते खाकरले, आणि अण्णा मान खाली घालून थांबले. नाना सावकाश वाचू लागले. "माझ्यातल्या धाकट्यानं..." ही रीत त्यांनी येऊन सांगणाऱ्या लोकांकडूनच उचलली असणार. "माझ्यातल्या धाकट्यानं निखारा घेतला आणि मागं वळून पाहिलं नाही." ते थांबले. "मी दार वाजवायला हवं होतं, अण्णा. निदान एकदा तरी."

"मी उघडलं नसतं," अण्णा म्हणाले.

"ते तू ठरवायचं होतंस. वाजवायचं मी."

आईने तोंडाला पदर लावला होता. ती रडत होती आणि ते लपवत नव्हती. "थांबलात का?" थोड्या वेळाने ती म्हणाली. "पूर्ण करा. कुणीही वाचा, मला दोन्ही आवाज चालतात."

मित्रांनो, माझे एवढेच सांगणे आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिला माळ्यावर टाकू नका. कोरड्या फडक्याने पुसा, ओल लागू देऊ नका, वर्षातून एकदा थोडे तेल लावा. आणि पाट म्हणून वापरू नका, हे मी पुन्हा सांगते. तिच्यावर जो ग्रंथ ठेवाल त्यातले दुष्ट आणि सुष्ट दोघेही आधी स्वतःत शोधा, शेजाऱ्यात नको. स्वतःत ते नक्की भेटतील, माझा शब्द. पण ते भेटले की वाचत बसू नका. ज्याच्याकडे जायचे राहिले आहे त्याच्याकडे उठून जा. पान कुठले होते ते मी अंगावर बरोबर लक्षात ठेवते.